आधी कोन, मग पंख

कोपरगाव तालुक्यातल्या काकडी गावच्या माळावर १ ऑक्टोबर २०१७ रोजी शिर्डीचा विमानतळ सुरू झाला आणि अहिल्यानगर जिल्ह्याच्या आकाशात प्रवासी विमाने नेमाने दिसू लागली. या विमानतळाची धावपट्टी सुरू झाली तेव्हा २,५०० मीटर लांबीची होती आणि ती समुद्रसपाटीपासून सुमारे ५९० मीटर उंचीवर आहे. पण पंखाला कळते ती उंची नकाशावरची नव्हे, हवेच्या घनतेची. मे महिन्याच्या दुपारी पारा ४० अंशांवर गेला की काकडीच्या माळावरची हवा इतकी विरळ होते की विमानाच्या दृष्टीने ती प्रमाण वातावरणातल्या सुमारे १,६४० मीटर उंचीवरच्या हवेएवढी ठरते. याच जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात कळसूबाईचे शिखर आहे आणि त्याची उंची १,६४६ मीटर आहे. म्हणजे हवेपुरते बोलायचे तर, भर उन्हाळ्यात काकडीहून निघणारे विमान राज्यातल्या सर्वोच्च शिखरावरून निघते. समुद्रकाठच्या प्रमाण हवेपेक्षा ही हवा सुमारे १५ टक्के हलकी असते. वेगदर्शकावर नेहमीचाच आकडा दिसण्यासाठी विमानाला जमिनीवर प्रत्यक्षात सुमारे ८ टक्के जास्त वेगाने धावावे लागते, आणि साध्या पिस्टन इंजिनाची ताकद मात्र त्याच हवेत उतरलेली असते. धावपट्टी संपत येते, वेग अजून भरत नाही, आणि वैमानिकाच्या मनात नाक जरा लवकर उचलण्याचा मोह उभा राहतो.

नेमक्या या क्षणी, पुरेसा वेग नसताना, एक पंख अचानक खाली गेला तर वैमानिकाने काय करावे? या प्रश्नाला दोन उत्तरे दिली जातात. एक म्हणते, हाताचे कसब वापरून पडता पंख उचला. दुसरे म्हणते, पंख उचलण्याच्या आधी काहीतरी सोडून द्या; नाक सोडा, प्रसंगी उड्डाणच सोडा. खाली हे दोन्ही पक्ष समोरासमोर मांडले आहेत. उत्तरपक्ष माझा आहे, पण पूर्वपक्ष मी जाणूनबुजून दुबळा केलेला नाही, कारण त्यातला प्रत्येक आक्षेप विचार करणाऱ्या माणसाला सुचावा असाच आहे.

पूर्वपक्ष : पंख खाली गेला तर तो वर आणायचा, यात वाद कसला? विमानाला एलेरॉन, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेवरचे हलते पट्टे, दिले आहेत ते याचसाठी. डावा पंख पडला की स्टिक उजवीकडे. निसरड्यावर पाय घसरलेला माणूस दुसऱ्या बाजूला हात टाकून सावरतो, त्याला ते शिकवावे लागत नाही. चांगला वैमानिक म्हणजे ज्याचा हात विचाराच्या आधी चालतो. शिवाय आजचे पंख पूर्वीसारखे राहिलेले नाहीत. टोकाकडे जाताना पंखाला किंचित पीळ दिलेला असतो, त्यामुळे मुळाकडचा भाग आधी स्टॉल होतो, म्हणजे उचल गमावतो, आणि टोकाजवळचे एलेरॉन शेवटपर्यंत काम देत राहतात. अभियंत्यांनी एवढी सोय करून ठेवली असताना तुम्ही वैमानिकाला सांगता की पडता पंख लगेच उचलू नकोस. हे मला समजत नाही.

उत्तरपक्ष : पंख पडणे म्हणजे नुसता तोल जाणे, असे तुम्ही धरून चालला आहात. कमी वेगात ते बहुतेक वेळा खरे नसते. पंखाची उचल दोन गोष्टींवर ठरते : वेग, आणि समोरून येणाऱ्या हवेशी पंख करतो तो कोन, म्हणजे अँगल ऑफ अटॅक. कोन वाढवत नेला की उचल वाढते, पण ती साधारण १५-१६ अंशांपर्यंतच. त्यापुढे हवा पंखाच्या पाठीला धरून राहत नाही, ती सुटते. उचल घटते आणि रोध एकदम वाढतो. हाच स्टॉल. आता नेहमीच्या कोनात उडणारे विमान डावीकडे कलले तर काय होते ते पाहा. खाली जाणाऱ्या डाव्या पंखाला हवा जरा जास्त खालून लागते, त्याचा कोन वाढतो, त्याबरोबर उचल वाढते आणि कलण्याला आपोआप आळा बसतो. स्टॉलच्या कडेवर हेच गणित उलटते. खाली जाणाऱ्या पंखाचा कोन आणखी वाढतो, पण आता कोन वाढला की उचल घटते. एरवी सावरणारी रचनाच विमानाला लोटू लागते. त्यात तुम्ही स्टिक उजवीकडे नेली की डाव्या पंखावरचा एलेरॉन खाली वळतो आणि पंखाच्या त्या भागाचा कोन आणखी वाढतो. आधीच मर्यादा ओलांडलेल्या पंखाकडून तुम्ही जास्त मागता, त्यामुळे तो कमी देतो. वर त्या बाजूचा रोध वाढल्याने नाकही तिकडेच ओढले जाते. उंचीवर याचा शेवट गिरकीत होतो. जमिनीलगत गिरकी घ्यायलाही जागा नसते; पंखाचे टोक आधी जमिनीला लागते.

पंखाच्या पिळाबद्दल तुम्ही म्हणता ते खरे आहे, पण दोन्ही पंख स्वच्छ आणि सारखे असतील व विमान सरळ जात असेल तेव्हाच. ४ जानेवारी २००२ रोजी इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमला चॅलेंजर ६०४ जातीचे एक विमान पंखांवर रात्रीचे हिम तसेच ठेवून उड्डाणाला निघाले. चाके जमिनीवरून सुटताच ते डावीकडे कलू लागले. वैमानिकांनी क्षणाचाही विलंब न लावता विरुद्ध बाजूचा पूर्ण एलेरॉन आणि रडर, म्हणजे पायांनी चालवायचे शेपटीचे सुकाणू, दिला. तरी कल वाढतच गेला, डाव्या पंखाचे टोक जमिनीला लागले आणि विमानातले पाचही जण गेले. तुम्ही ज्या चपळाईची भलामण करता ती तिथे पूर्ण होती. हाताने जे जे करता येते ते सगळे झाले, आणि स्टॉल झालेल्या पंखाने ते मानले नाही. ते उड्डाण वाचवण्याची जागा धावपट्टीच्या अलीकडे होती, हिम पुसून काढण्याच्या वेळी.

पूर्वपक्ष : पण प्रत्येक पंख स्टॉलमुळे पडत नाही. आडवा वारा एका पंखाखाली शिरून तो उचलतो, तेव्हा दुसरा खाली जाणारच. वाऱ्याचा झोत येतो. ग्लायडर तर एकाच मुख्य चाकावर उभे असते. पंखाचे टोक धरून धावणाऱ्याने ते सोडले की पुरेसा वेग येईपर्यंत कुठला तरी पंख झुकणार. अशा वेळी एलेरॉन नाही द्यायचा तर काय द्यायचे? आणि हे निदान करायला वेळ किती? एक सेकंद, फार तर दोन. त्यात वैमानिक वाऱ्याने पडलेला पंख आणि स्टॉलने पडलेला पंख वेगळे ओळखणार कसे? तुमचे शास्त्र फळ्यावर शोभते, कॉकपिटमध्ये नाही.

उत्तरपक्ष : आक्षेप योग्य आहे, आणि म्हणूनच निदानावर अवलंबून नसलेले उत्तर हवे. एलेरॉन निषिद्ध आहे असे मी म्हणत नाही. मी क्रमाबद्दल बोलतो आहे. पहिल्यांदा स्टिकची मागची ओढ सोडा, म्हणजे कोन कमी होईल. त्याच वेळी पायांनी, म्हणजे रडरने, नाक भरकटू देऊ नका. मग पंख सरळ करा. पंख स्टॉलने पडला असेल तर पहिल्या कृतीने तो पुन्हा हवा धरतो आणि त्यानंतर दिलेला एलेरॉन काम करतो. वाऱ्याने पडला असेल तरी कोन थोडा कमी झाल्याने नुकसान होत नाही. उलट वेग वाढतो आणि एलेरॉनला जास्त जोर मिळतो. दोन्ही प्रसंगांत एकच क्रम चालतो, म्हणून तो वापरायला निदान लागत नाही. उलट क्रम, म्हणजे नाक वर ओढून धरत एलेरॉन देणे, वाऱ्याच्या झोतात कदाचित निभावून जाईल, पण स्टॉलमध्ये जीव घेईल. वेळ एका सेकंदाचा असेल तर सगळीकडे चालणारी सवयच हाताला लावली पाहिजे.

पायांची गोष्ट वेगळी सांगण्याजोगी आहे. पुढे एकच पंखा असलेल्या बहुतेक शिकाऊ विमानांत तो वैमानिकाच्या जागेवरून पाहिले तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो. पूर्ण ताकद, कमी वेग आणि वर उचललेले नाक, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की विमान डावीकडे वळू पाहते. उजव्या पायाने ते रोखले नाही तर डावा पंख मागे राहतो, त्याच्यावरून जाणाऱ्या हवेचा वेग कमी होतो आणि तोच आधी स्टॉल होतो. म्हणजे हाताने सावरायला निघालेला पंख बऱ्याचदा आळशी पायामुळे पडलेला असतो. शक्तीवर चालणाऱ्या विमानाचा इतिहासही इथूनच सुरू होतो. १४ डिसेंबर १९०३ रोजी किटी हॉकजवळ नाणेफेक जिंकून विल्बर राइट पहिल्या प्रयत्नाला बसले. रुळावरून सुटताच त्यांनी नाक जास्त उचलले, यंत्र स्टॉल झाले, साडेतीन सेकंदांत खाली आले आणि डावा पंख आधी वाळूला लागला. दुरुस्तीनंतर १७ डिसेंबरला ऑर्व्हिल यांनी यशस्वी उड्डाण केले. तीन दिवसांत विमान तेच होते, इंजिन तेच होते. ग्लायडिंगच्या शेकडो फेऱ्यांत हात घडलेल्या माणसालाही कमी वेगात उचललेले जास्तीचे नाक नडले, एवढे यातून घेण्यासारखे आहे.

पूर्वपक्ष : ठीक, क्रम मान्य करू. पण तुम्ही नाक खाली करायला सांगता ते जमिनीपासून दहा-पंधरा फुटांवर. तिथे नाक खाली म्हणजे जमिनीत. आणि उड्डाण सोडून द्या म्हणता, तर धावपट्टी संपून पलीकडच्या शेतात जाणारे विमान काय सुखरूप असते? तुमच्या शेजारचेच उदाहरण देतो. २६ एप्रिल १९९३ रोजी औरंगाबादहून मुंबईला निघालेले इंडियन एअरलाइन्सचे बोइंग ७३७ ऐन उन्हाळ्यात, भरल्या वजनाने धावले आणि धावपट्टीपलीकडच्या रस्त्यावरून जाणाऱ्या ट्रकला धडकले. ११८ पैकी ५५ जण गेले. चौकशीत नाक उशिरा आणि चुकीच्या पद्धतीने उचलल्याचा ठपका ठेवला गेला. तिथे घाईने नव्हे, उशिराने घात केला. तुमचा उपदेश ऐकून वैमानिक नाक उचलायलाच कचरू लागले तर असे अपघात वाढतील.

उत्तरपक्ष : आधी जमिनीलगतच्या नाकाबद्दल. कोन कमी करणे म्हणजे विमान जमिनीत खुपसणे नव्हे. काही अंशांची ओढ सोडली की विमान चढायचे थांबते आणि धावपट्टीला समांतर होते. पंखाच्या लांबीइतक्या उंचीच्या आत जमिनीचा आधार मिळतो. तिथे पंखाचा रोध कमी असतो, त्यामुळे समांतर विमान वेग पटकन घेते. याच आधारामुळे विमान पुरेशा वेगाआधीच जमिनीवरून सुटू शकते, आणि त्याच्या बाहेर चढवायला गेले की पंख हात टेकतो. म्हणून तिथेच थांबून वेग भरू देणे, किंवा चाके पुन्हा धावपट्टीवर टेकू देणे, हा सुरक्षित मार्ग आहे. फार झाले तर चाके आपटतील. चाके आपटण्यासाठी बनवलेली असतात, पंखाचे टोक नाही. चाकांवर आपटलेले विमान सरळ घसरत जाते. पंखाचे टोक रुतलेले विमान स्वतःभोवती फिरून उलटते. दोन्ही आपटणेच, पण माणसे वाचण्याची शक्यता त्यात फार वेगळी.

औरंगाबादचे उदाहरण तुम्ही आणलेत ते बरे केलेत, कारण ते माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध जात नाही. नाक लवकर उचला किंवा उशिरा उचला, असे मी म्हणतच नाही. ठरलेल्या वेगाला उचला, ठरलेल्या गतीने उचला, आणि तो वेग ठरलेल्या जागेपर्यंत आला नाही तर थांबा, असे म्हणतो. प्रवासी जेट विमानांसाठी हे गणित नियमांनीच बांधलेले आहे. एका ठरावीक वेगापर्यंतच थांबण्याचा निर्णय घेता येतो, त्यापुढे उड्डाण पूर्ण करायचे असते, आणि एक इंजिन बंद पडले तरी चढाईचा वेग स्टॉलच्या वेगापेक्षा निदान १३ टक्के जास्त राहिला पाहिजे. छोट्या विमानांत ही शिस्त वैमानिकावर सोपवलेली असते. सेसना १७२ एसचे नाक ५५ नॉटला, म्हणजे ताशी सुमारे १०२ किलोमीटरला उचलतात, आणि फ्लॅप न उघडता ती ४८ नॉटला स्टॉल होते. मधले अंतर सातच नॉटचे. एखादा झोत किंवा अधीर मनगट ते खाऊन टाकते. म्हणून हलक्या विमानांच्या वैमानिकांमध्ये एक साधा नियम रूढ आहे : अर्धी धावपट्टी संपेपर्यंत उचलण्याच्या वेगाच्या ७० टक्के वेग आला नसेल तर थ्रॉटल बंद. हा नियम पाळला तर पलीकडच्या शेतात जाण्याची वेळच येत नाही, कारण थांबायला उरलेली अर्धी धावपट्टी हाताशी असते. शेत दिसते ते उशिरा थांबणाऱ्याला, वेळेवर थांबणाऱ्याला नाही. आणि काकडीच्या चाळीस अंशांत हे आकडे निघण्यापूर्वी कागदावर काढून पाहणे हाच पंख पडू न देण्याचा पहिला उपाय आहे.

पूर्वपक्ष : तुम्ही पुन्हा निर्णयावर येता. मला शंका आहे ती माणसाच्या स्वभावाची. पूर्ण ताकदीने धावत असताना, शंभर गोष्टी नीट चाललेल्या असताना, एका पंखाच्या झुकण्यावरून सगळे सोडून द्यावे असे कुणाला वाटणार? ग्लायडरला केबलने ओढून उडवणाऱ्या विंचवर तर विचारालाही वेळ नसतो. केबल ताणली जाते आणि बघता बघता तुम्ही हवेत असता. तेवढ्यात पंख झुकला तर माणूस तो सावरायलाच जाणार. स्वभाव बदलण्याच्या गोष्टी करण्यापेक्षा सावरण्याचे कसब वाढवा.

उत्तरपक्ष : विंचचे उदाहरण माझ्याच बाजूचे सर्वांत बळकट उदाहरण आहे. पुण्याजवळ हडपसरला नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे ग्लायडिंग केंद्र आहे, आणि आपल्या भागातल्या तरुणाला इंजिनाविना उडणे शिकायचे तर हेच सर्वांत जवळचे नाव. विंचवर ग्लायडर उभ्या स्थितीतून काही सेकंदांत उडण्याच्या वेगाला येते. त्या वेळी एका पंखाचे टोक गवतात अडकले आणि केबल ओढतच राहिली, तर ग्लायडर त्या टोकाभोवती फिरते आणि कोलांटी खाते. ब्रिटिश ग्लायडिंग असोसिएशनने विंचवरच्या अशा अपघातांचा नीट अभ्यास करून २००५ मध्ये सुरक्षित विंच उड्डाणाची मोहीम हाती घेतली. तिच्यातला एक नियम असा : डावा हात रिलीजच्या, म्हणजे केबल सोडायच्या, मुठीवर ठेवूनच सुरुवात करायची आणि पंख समतल राखता येत नसतील तर टोक जमिनीला लागण्याच्या आधी केबल सोडायची. आधी सावरून पाहा आणि मग सोडा, असे त्यात नाही. पुढच्या वर्षांत तिथले विंचवरचे जीवघेणे अपघात लक्षणीयरीत्या घटले. ही माणसे जास्त चपळ झाली नव्हती, त्यांची ग्लायडरही बदलली नव्हती. निर्णय तेवढा जागेवरून हलला होता. ऐन घाईच्या सेकंदातून निघून तो केबल जोडण्याच्या आधीच्या शांत मिनिटात आला होता.

तुम्ही म्हणता तसा स्वभाव बदलत नाही, हे मला मान्य आहे. पण हात कुठे ठेवायचा हे बदलता येते. मुठीवर असलेला हात सोडायला तयार असतो, मांडीवर असलेला हात शोधत बसतो. इंजिनच्या विमानातही हेच. उड्डाणाच्या आधी वैमानिक मोठ्याने म्हणतो, ‘अमुक खुणेपर्यंत अमुक वेग नाही आला, किंवा विमान सरळ राहिले नाही, तर मी थ्रॉटल बंद करणार, जमीन सुटल्यावर पंख पडला तर आधी ओढ सोडणार.’ हे उच्चारलेले वाक्य पुढच्या सेकंदांत विचाराची जागा घेते. तुम्हाला ज्या हाताचा अभिमान आहे, विचाराच्या आधी चालणारा हात, तोच मलाही हवा आहे. फक्त तो कशासाठी चालायला शिकला, एवढाच आपला वाद आहे.

पूर्वपक्ष : हा सगळा वाद लवकरच शिळा होईल. संगणकावर चालणारी विमाने वैमानिकाला स्टॉलपर्यंत जाऊच देत नाहीत. धोका जवळ आला की स्टिक थरथरते. उद्या तर वैमानिकच नसेल. तुमच्या अहिल्यानगरातच संरक्षण संशोधनाची वाहनविषयक प्रयोगशाळा, व्हीआरडीई, आहे आणि तिचा वैमानिकरहित विमानांच्या कामातही हात आहे. यंत्र सावरेल, माणसाच्या सवयींवर एवढा खल कशाला?

उत्तरपक्ष : यंत्राला आकडे माणूसच देतो. २ एप्रिल २०११ रोजी अमेरिकेतल्या रॉसवेलला गल्फस्ट्रीम जी-६५० या विमानाची चाचणी चालू होती. विमान अत्याधुनिक होते, त्याची नियंत्रणे संगणकामार्फतच चालत होती. एक इंजिन बंद पडल्याचे धरून उड्डाण करताना त्याचा उजवा पंख टोकाकडे स्टॉल झाला, विमान उजवीकडे कलले, पंखाचे टोक धावपट्टीला लागले आणि चारही जण मृत्युमुखी पडले. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने तपासात दाखवले की जमिनीलगत पंख नेमक्या किती कोनाला स्टॉल होईल याचा अंदाज जास्तीचा धरला होता, त्यामुळे इशारा देणारी यंत्रणा उशिराच्या कोनावर बसवली गेली होती. ठरवलेले वेग गाठण्यासाठी नाक पुन्हा पुन्हा जोराने उचलले जात होते. आणि त्याआधीच्या दोन चाचण्यांत विमान असेच आपोआप कलले होते, पण त्या घटनांचा मुळापासून शोध घेतला गेला नव्हता. दोनदा पडलेल्या पंखाने सांगितलेले कुणी ऐकले नाही, तिसऱ्या वेळी ऐकायला कुणी उरले नाही. पंख पडणे ही माहिती असते. ती दुरुस्त करून पुढे जायची नसते, आधी समजून घ्यायची असते.

आणि वैमानिकरहित विमानांचे म्हणाल तर ‘निशांत’चे उदाहरण पाहा. त्याच्यासाठी स्वदेशी व्हँकेल इंजिन घडवण्यात बंगळूरच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेबरोबर अहिल्यानगरच्या व्हीआरडीईचाही वाटा होता, आणि त्याचे प्रक्षेपक पुण्यातल्या संरक्षण प्रयोगशाळेने तयार केले. निशांत धावपट्टीवरून धावतच नसे. ट्रकवरच्या रुळावरून दाबाच्या जोरावर ते फेकले जाई आणि रूळ सोडताना त्याच्याजवळ उडण्याचा वेग आधीच असे. कमी वेगाच्या धोक्याच्या पट्ट्यात हुशारीने सावरणारे यंत्र बनवण्याऐवजी तो पट्टाच रुळावर ओलांडण्याची ही रचना होती. वैमानिकासाठीही तोच धडा आहे : वेग भरल्याशिवाय जमिनीला सोडू नका.

पूर्वपक्ष : शेवटचे विचारतो, आणि हे तंत्राबद्दल नाही. व्यावसायिक परवान्यासाठी आपल्याकडे २०० तासांचे उड्डाण लागते. प्रत्येक तास महाग. घरच्यांनी त्यासाठी जमीन किंवा सोने गहाण टाकलेले असू शकते. अशा मुलाने उड्डाण अर्धवट सोडले की तो तास गेला, वर प्रशिक्षकाच्या नजरेत तो कच्चा ठरला. तुम्ही सोडायला शिकवाल, पण सोडणाऱ्याला आपल्याकडे मान नाही. वाचवणाऱ्याला आहे.

उत्तरपक्ष : तुमच्या सगळ्या आक्षेपांत हा सर्वांत खरा आहे, आणि याचे उत्तर वैमानिकाकडे नाही, शिकवणाऱ्यांकडे आहे. पडता पंख सावरल्याची गोष्ट सांगता येते, वेळेवर बंद केलेल्या थ्रॉटलची गोष्ट होत नाही, कारण त्यानंतर काहीच घडत नाही. म्हणून शाळेनेच त्या ‘काही न घडण्या’ला किंमत दिली पाहिजे. सोडलेल्या उड्डाणाची चर्चा वर्गात झाली पाहिजे, आणि पहिला प्रश्न ‘का सोडलेस?’ हा नसून ‘कोणती खूण पाहून सोडलेस?’ हा असला पाहिजे. उन्हाळ्याच्या दुपारी शिकाऊ विमान बाहेर काढण्याआधी त्या दिवशीच्या तापमानाचे, वजनाचे आणि धावपट्टीचे गणित विद्यार्थ्याने स्वतः मांडले पाहिजे, आणि उत्तर निसटते आले तर सकाळच्या थंड हवेपर्यंत थांबण्याचा अधिकार त्याला असला पाहिजे. स्टॉलचा सराव सध्या बहुधा भरपूर उंचीवर, आधी सांगून, सावकाश करवला जातो. तो हवाच; पण सिम्युलेटरवर जमीन नुकतीच सुटली असताना, पूर्ण ताकदीत, न सांगता पंख पाडून दाखवला पाहिजे, आणि गुण द्यायचे ते पहिली हालचाल कुठली झाली यावर. ओढ सुटली की नाही, पाय हलला की नाही, एलेरॉन नंतर आला की आधी. पैशाचे म्हणाल, तर वाया गेलेल्या एका तासाची किंमत त्या कुटुंबाला भरून काढता येते.

इथे दोन्ही पक्षांचे बोलणे संपते. पूर्वपक्षाकडून दोन गोष्टी मी स्वीकारतो : हात तयार हवा, आणि भीतीने कचरणारा वैमानिक घाई करणाऱ्याइतकाच धोक्याचा असतो. पण तयार हाताने काय करावे, या प्रश्नावर बर्मिंगहॅमची धावपट्टी, रॉसवेलचा तपास आणि इंग्लंडमधल्या विंचांचा अनुभव एकाच दिशेने बोट दाखवतात. कमी वेगात पडलेला पंख जोराने वर आणता येत नाही. त्याच्याकडून जास्तीची उचल मागणे थांबवले की मगच तो आपले ऐकतो. त्यामुळे ओढ सोडणे, केबल सोडणे, थ्रॉटल बंद करणे यांना माघार समजण्याची आपली सवय बदलायला हवी. त्या क्षणी विमान खऱ्या अर्थाने हाताळणे ते हेच. शिर्डीमुळे या जिल्ह्यातल्या मुलामुलींना कॉकपिटचे स्वप्न जवळ आले आहे. त्यांच्यातले जे कुणी उद्या स्टिक हातात धरतील, त्यांना शिकवणाऱ्यांनी पहिल्याच आठवड्यात हा क्रम हातात आणि पायात मुरवावा, आणि नेमके वेळेवर थांबलेल्या विद्यार्थ्याची पाठ सगळ्यांसमोर थोपटावी.